स्क्रीन फुटलेल्या लॅपटॉपवर काम चालू ठेवताना

मागच्या पावसाळ्यात एका रात्री भाचीचा फोन आला. "मामा, स्क्रीनवर शाई सांडल्यासारखं झालंय आणि परवा सबमिशन आहे." ती सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. स्वारगेटहून येताना भरगच्च बसमध्ये सॅकमधला स्टीलचा डबा लॅपटॉपच्या झाकणावर दाबला गेला होता, आणि खोलीवर येऊन झाकण उघडेपर्यंत तिला त्याचा पत्ताही नव्हता. नवी स्क्रीन मिळायला आठवडा लागणार होता. तो आठवडा तिने घरमालकीण काकूंच्या टीव्हीला लॅपटॉप जोडून काढला आणि प्रकल्प वेळेत सादर केला. त्या आठवड्यात जे करावे लागले, आणि जे आधी ठाऊक असते तर तिची पहिली रात्र रडण्यात गेली नसती, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट मनाशी पक्की असू द्यावी. प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि चित्र तयार करणारी ग्राफिक्सची यंत्रणा हे सारे कीबोर्डच्या खालच्या भागात असते. वरच्या झाकणात पॅनेल (म्हणजे प्रत्यक्ष चित्र दाखवणारा पडदा), कॅमेरा आणि बहुतेक वेळा वायफायच्या अँटेना असतात. त्यामुळे स्क्रीन फुटली तरी आतले काम व आतल्या फायली सहसा जशाच्या तशा असतात. फक्त ते पाहण्याची खिडकी बंद झालेली असते.

नेमके काय बिघडले आहे

उपाय निवडण्याआधी बिघाड ओळखण्यासाठी दहा मिनिटे द्यावीत, कारण सर्व काळ्या स्क्रीन सारख्या नसतात. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे, काळे-जांभळे डाग किंवा रंगीत उभ्या रेषा दिसत असतील, तर पॅनेलच फुटले आहे आणि ते बदलण्यावाचून कायमचा इलाज नाही. तडा कुठेच नाही, पण स्क्रीन पूर्ण काळी आहे, अशा वेळी खोलीतला दिवा बंद करून मोबाइलची टॉर्च स्क्रीनवर तिरकी धरावी. अंधूक अक्षरे किंवा चिन्हे दिसली, तर चित्र उमटते आहे आणि फक्त त्यामागचा प्रकाश गेला आहे, असे समजावे.

तिसरा प्रकार बिजागरीचा आहे. झाकण पुढे-मागे केल्यावर चित्र येत-जात असेल, तर दोष बहुधा पॅनेलमध्ये नसून बिजागरीतून वर जाणाऱ्या केबलमध्ये असतो. केबल बदलणे हे पॅनेल बदलण्यापेक्षा सहसा स्वस्त काम असते, म्हणून ही खूण दुरुस्ती करणाऱ्याला आवर्जून सांगावी. तोपर्यंत ज्या कोनात चित्र स्थिर राहते त्या कोनात झाकण टेकवून ठेवावे आणि लॅपटॉप जागचा हलवू नये; प्रत्येक उघडझाप त्या केबलचे आयुष्य कमी करते.

स्क्रीनवर काहीही फुटलेले नसताना चित्र अचानक गेले असेल, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबून पाहाव्यात. त्यामुळे ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे चित्राची यंत्रणा चालवणारा प्रोग्राम, नव्याने सुरू होतो, एक छोटा आवाज येतो आणि काही वेळा चित्र परत येते. उघड्या फायलींना याने धक्का लागत नाही, म्हणून हा प्रयोग निःशंकपणे करावा.

फुटलेली काच हाताळताना

स्क्रीनची काच पातळ असते आणि तिचे कण कीबोर्डच्या फटींत जातात. तड्यांवर रुंद पारदर्शक चिकटपट्टी हलक्या हाताने लावावी. तिने काच जागेवर राहते आणि बोट कापत नाही. आतले द्रव बाहेर आलेले दिसले, तर ते कापडाने टिपून हात साबणाने धुवावेत. डाग बोटाने दाबून पाहण्याचा मोह मात्र टाळावा, कारण दाबाने तडा वाढतो आणि आज अर्धी दिसणारी स्क्रीन उद्या पूर्ण जाते. झाकण बंद करायचेच असेल तर मध्ये एखादा साधा कागद ठेवावा. जाड टॉवेल ठेवू नये. त्यानेच स्क्रीनवर पुन्हा दाब येतो.

स्पर्शाने चालणारी स्क्रीन फुटली असेल तर आणखी एक त्रास होतो. कोणी हात लावला नसतानाही खिडक्या उघडतात, बाण इकडेतिकडे पळतो आणि चुकीची बटणे दाबली जातात. अशा वेळी डिव्हाइस मॅनेजर उघडून ह्यूमन इंटरफेस डिव्हाइसेस या गटातील टच स्क्रीनच्या नोंदीवर डिसेबल करावे. याशिवाय पुढचे कोणतेही काम सुरळीत होणार नाही.

दिसते आहे तोवर प्रत काढावी

तडा गेलेली स्क्रीन बहुधा टप्प्याटप्प्याने जाते. भाचीच्या स्क्रीनवर पहिल्या रात्री डावीकडचा तिसरा हिस्सा काळा होता, दुसऱ्या दुपारी अर्धी स्क्रीन काळी झाली. म्हणून जेवढे दिसते आहे तेवढ्यात महत्त्वाच्या फायली पेन ड्राइव्हवर, बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा क्लाउडवर घ्याव्यात. बाकीचे सर्व उपाय त्यानंतर.

याच वेळी आणखी एक गोष्ट पाहून ठेवावी, जी बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. अलीकडच्या अनेक विंडोज लॅपटॉपांवरील डिस्क आपोआप कूटबद्ध केलेली असते आणि काही प्रसंगी, विशेषतः बायोसमधील (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्राममधील) सेटिंग बदलल्यावर किंवा डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर, ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन असते. मोबाइलवरून त्या खात्यात जाऊन ती वहीत उतरवून घ्यावी. स्क्रीन दिसत नसताना ही की शोधत बसण्याइतकी हतबल वेळ दुसरी नाही, आणि तेवढ्यासाठीच स्क्रीन गेल्यावर बायोसच्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

टीव्ही किंवा मॉनिटर जोडणे

हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. बहुतेक लॅपटॉपांना एचडीएमआय पोर्ट असतो आणि गेल्या पंधरा वर्षांतल्या जवळजवळ प्रत्येक सपाट टीव्हीलाही असतो, त्यामुळे बहुतेकदा एका केबलवर काम भागते. एचडीएमआयमधून चित्राबरोबर आवाजही जातो. जुन्या मॉनिटरला निळ्या रंगाचा १५ पिनांचा व्हीजीए पोर्ट असतो. तेथे एचडीएमआयकडून व्हीजीएकडे नेणारा कन्व्हर्टर लागतो. दुकानात मागताना दिशा स्पष्ट सांगावी, कारण उलट दिशेचा, म्हणजे व्हीजीएकडून एचडीएमआयकडे नेणारा कन्व्हर्टरही दिसायला तसाच असतो आणि तो येथे अजिबात चालत नाही. व्हीजीएमधून आवाज जात नाही, म्हणून आवाज लॅपटॉपच्याच स्पीकरवर ऐकावा.

पातळ लॅपटॉपांना अनेकदा फक्त यूएसबी-सी पोर्ट असतात. येथे फसगत होऊ शकते. प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर येत नाही. काही केवळ चार्जिंग आणि फायलींसाठी असतात. पोर्टशेजारी विजेच्या बाणासारखी थंडरबोल्टची खूण किंवा डिस्प्लेपोर्टची खूण असेल तर साधा यूएसबी-सी ते एचडीएमआय कन्व्हर्टर चालतो. खूण नसेल तर लॅपटॉपचे मॉडेल शोधून माहितीपत्रकात खात्री करून मगच खरेदी करावी. पुण्यात केबल आणि कन्व्हर्टरसाठी बुधवार पेठेतील तपकीर गल्ली सोयीची आहे. मंडई मेट्रो स्थानकावरून चालत जाता येते. शक्य असल्यास लॅपटॉप सोबत न्यावा आणि दुकानातच जोडून पाहावे.

केबल जोडल्यावर टीव्हीच्या रिमोटवरील सोर्स किंवा इनपुटचे बटण दाबून योग्य क्रमांकाचा एचडीएमआय निवडावा. बऱ्याचदा चित्र आपोआप येते. न आल्यास विंडोज आणि पी या कळा एकत्र दाबाव्यात, खालचा बाण एकदा दाबावा, एंटर करावे आणि पाच सेकंद थांबावे. तरीही चित्र न आल्यास हीच क्रिया आणखी दोन वेळा करावी. या यादीत चार पर्याय असतात: फक्त लॅपटॉपची स्क्रीन, दोन्हींवर तेच चित्र, दोन्ही मिळून एक मोठी जागा, आणि फक्त दुसरी स्क्रीन. चित्र एकदा दिसू लागले की यातला चौथा पर्याय निवडून ठेवावा. तिसरा पर्याय ठेवला तर नव्या खिडक्या फुटलेल्या स्क्रीनवर उघडतात आणि त्या सापडत नाहीत. एखादी खिडकी तेथे अडकलीच, तर विंडोज आणि शिफ्ट दाबून डावा किंवा उजवा बाण दाबावा. ती बाहेरच्या स्क्रीनवर येते.

मॅकबुक वापरणाऱ्यांनी झाकण बंद करून बाहेरच्या स्क्रीनवर काम करायचे असल्यास चार्जर, बाहेरचा कीबोर्ड आणि माउस जोडून ठेवावेत.

टीव्हीवर कडेची अक्षरे कापली जात असतील, तर दोष लॅपटॉपचा नसतो. टीव्ही चित्र थोडे फुगवून दाखवतो. त्याच्या चित्राच्या सेटिंगमध्ये जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट किंवा अशाच नावाचा पर्याय असतो, तो निवडावा. पीसी मोड असल्यास अक्षरे अधिक रेखीव दिसतात. मोठ्या टीव्हीसमोर जवळ बसून टंकलेखन करण्यापेक्षा चार-पाच फूट मागे बसावे आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार १२५ किंवा १५० टक्के करावा. मान आणि डोळे दोन्ही वाचतात.

झाकण मिटून काम करायचे असल्यास पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन झाकण बंद केल्यावर काय व्हावे, याच्या पुढे डू नथिंग निवडावे. मात्र काही लॅपटॉप कीबोर्डच्या बाजूने हवा घेतात आणि काहींची गरम हवा बिजागरीजवळून बाहेर पडते, म्हणून झाकण पूर्ण मिटण्यापेक्षा चार बोटे उघडे ठेवणे मला अधिक योग्य वाटते.

वीज गेली की टीव्ही बंद होतो, लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालू राहतो आणि सगळ्या खिडक्या मुकाट्याने फुटलेल्या स्क्रीनवर परततात. पावसाळ्यात हे आमच्याकडे एका आठवड्यात दोनदा घडले. अशा वेळी घाबरून पॉवरचे बटण दाबून धरू नये. कंट्रोल आणि एस दाबले की समोरची फाइल न दिसताही जतन होते. वीज लवकर येण्याची चिन्हे नसतील तर विंडोज आणि एक्स दाबून मग यू ही कळ दोनदा दाबावी. इंग्रजी विंडोजवर लॅपटॉप रीतसर बंद होतो.

काहीच दिसत नसताना

स्क्रीन पूर्ण काळी असेल तर पहिला अडथळा लॉग-इनचा. लॅपटॉप सुरू करून दोन मिनिटे थांबावे, एंटर एकदा दाबावे, मग पिन किंवा पासवर्ड टाइप करून पुन्हा एंटर करावे. कॅप्स लॉकचा छोटा दिवा बंद आहे ना, हे आधी पाहावे. सुरुवातीला दिसणारे कंपनीचे चिन्ह अनेक लॅपटॉपांवर केवळ मूळ स्क्रीनवरच येते, त्यामुळे तेवढा वेळ टीव्ही काळा राहिला तरी केबल काढू नये.

आपण कोठे आहोत हे कळत नसेल, तर विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबावे. विंडोजमधील नॅरेटर सुरू होतो आणि समोर काय आहे ते वाचून सांगतो. लॉग-इनच्या पानावरही तो चालतो. मॅकवर कमांड आणि एफ ५ दाबल्यावर व्हॉइसओव्हर सुरू होतो. टॅबने पुढे सरकावे, एंटरने निवडावे. पहिला अर्धा तास हे जड जाते. परंतु दृष्टिहीन व्यक्ती याच साधनांवर नोकरी, अभ्यास आणि लेखन रोज करतात, हे लक्षात घेतले तर ही साधने शिकण्याची उमेद वाटते. विंडोजसाठी एनव्हीडीए हा स्क्रीन वाचणारा प्रोग्राम विनामूल्य मिळतो आणि त्यातील आवाजांत मराठीही आहे.

थोडी स्क्रीन शाबूत असेल तर

टीव्ही किंवा मॉनिटर हाताशी नाही, अभ्यासिकेत बसून काम करायचे आहे आणि स्क्रीनचा उजवा अर्धा भाग स्वच्छ दिसतो आहे, अशी स्थिती असेल तर विंडोज आणि उजवा बाण दाबून खिडकी त्या अर्ध्यात बसवावी. अर्धाच भाग असा नेमका वाटा नसेल, तर मायक्रोसॉफ्टचे पॉवरटॉइज हे विनामूल्य साधन घ्यावे. त्यातील फॅन्सीझोन्समध्ये शाबूत भागापुरता आपला चौकोन आखता येतो आणि शिफ्ट दाबून खिडकी ओढली की ती नेमकी त्या चौकोनात बसते. मला तात्पुरत्या उपायांत हा सर्वांत उपयोगी वाटला, कारण यासाठी एक पैचाही खर्च नाही.

मध्यभाग शाबूत आणि कडा खराब असतील, तर रेझोल्यूशन (चित्रातील ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलची संख्या) कमी करून ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये चित्र न ताणता मध्यभागी ठेवण्याचा पर्याय निवडावा. १९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर १२८० बाय ७२० चे चित्र मध्यभागी ठेवले, तर डावी-उजवीकडे ३२० आणि वर-खाली १८० पिक्सेल रिकामे राहतात. विंडोज १० मध्ये टास्कबार वरच्या किंवा बाजूच्या कडेला नेता येतो, म्हणजे खालची पट्टी खराब असली तरी अडत नाही.

मध्यभाग खराब असला की त्रास वाढतो, कारण सूचनांच्या छोट्या चौकटी तेथेच उघडतात आणि लॅपटॉप अडकल्यासारखा वाटतो. एस्केप दाबून चौकट बंद होते का पाहावे. ती वाचायचीच असेल तर ऑल्ट आणि स्पेस दाबून मग एम दाबावे आणि बाणांच्या कळांनी चौकट शाबूत भागात सरकवावी.

दुसरा लॅपटॉप किंवा मोबाइल वापरून

मित्राचा लॅपटॉप आणि आपला लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडून पाहण्याची चूक पुष्कळ जण करतात. लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट चित्र बाहेर पाठवतो, आत घेत नाही, त्यामुळे अशी जोडणी कधीच चालत नाही. मध्ये यूएसबीला जोडायचे एचडीएमआय कॅप्चर कार्ड घातले, तर आपल्या लॅपटॉपचे चित्र मित्राच्या लॅपटॉपवर कॅमेऱ्याच्या चित्रासारखे दिसते. चित्र किंचित उशिरा येते, पण लेखन आणि फायलींची आवराआवर होते. बिनतारी मार्गही आहे: विंडोज आणि के दाबून जवळचा स्मार्ट टीव्ही शोधता येतो, दोन्ही उपकरणांना ती सोय असल्यास.

क्रोम रिमोट डेस्कटॉपसारख्या साधनाने मोबाइलवर किंवा टॅबलेटवर लॅपटॉप पाहता येतो. त्याची मांडणी आणि पिन स्क्रीन दिसत असतानाच करून ठेवावे लागते. विंडोजमधील मूळ रिमोट डेस्कटॉप मात्र होम आवृत्तीच्या लॅपटॉपवर बाहेरून जोडता येत नाही. त्यासाठी प्रो आवृत्ती लागते. फोनवर कोणी अनोळखी व्यक्ती असे अॅप टाकायला सांगू लागली, तर ताबडतोब फोन ठेवावा. अशा अॅपमधून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते.

स्क्रीन बदलायला देताना

पॅनेलच्या मागे छापलेला भाग क्रमांक सर्वांत महत्त्वाचा असतो. मॉडेल एकच असले तरी आतले पॅनेल आणि त्याच्या जोडणीच्या पिना, ३० की ४०, वेगवेगळ्या असू शकतात. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर स्वतः झाकणाचे भाग सुटे करू नयेत. काही जण फुटलेले झाकण काढून टाकून केवळ खालचा भाग टीव्हीला जोडून कायम वापरतात. तसे करताना झाकणातल्या वायफायच्या अँटेना निघाल्या तर इंटरनेट एकदम कमजोर होते, हे ध्यानात ठेवावे. जुने पॅनेल घंटागाडीत टाकू नये. ते ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावे किंवा दुरुस्ती करणाऱ्याकडे तशी व्यवस्था आहे का ते विचारावे.

नवी स्क्रीन बसून आल्यावर आधी पांढऱ्या आणि मग काळ्या चित्रावर ती तपासावी, झाकण तीन-चार कोनांत फिरवून पाहावे आणि मगच पैसे द्यावेत. घरी आल्यावर टच स्क्रीनची नोंद पुन्हा सुरू करावी, गरज संपलेले रिमोटचे अॅप काढून टाकावे आणि झाकण बंद केल्यावर लॅपटॉप झोपी जाईल असे सेटिंग परत करावे. हे शेवटचे भाचीकडून राहून गेले होते. दुसऱ्या दिवशी कॉलेजात पोहोचेपर्यंत सॅकमधला लॅपटॉप चालूच होता, हाताला चटका बसण्याइतका तापलेला होता आणि बॅटरी जवळजवळ संपली होती.